भांगाच्या दिवसांतलं पाणी

अरुंधतीबाई वझलवारांची नागपूरच्या उन्हाबद्दल कधीच तक्रार नव्हती. लग्न होऊन आल्या त्या वर्षीच मे महिन्यात त्यांना ऊन लागलं होतं, आठवडाभर कैरीच्या पन्ह्यावर काढला होता, तरीही नाही. तक्रार होती ती वाऱ्याबद्दल. त्यांच्या माहेरी दुपारचा वारा समुद्रावरून यायचा आणि रात्री उलटा फिरून डोंगराकडून समुद्राकडे जायचा. त्या रात्रीच्या वाऱ्याला मतलई म्हणत. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या वारा फिरला की त्यांना कळायचं आणि मग झोप लागायची. नागपुरात वारा कुठूनही येतो आणि कुठेही जातो, त्याला घरच नाही, असं त्या म्हणायच्या. घरातले हसायचे. त्याही हसायच्या.

माहेर रत्नागिरीकडचं, नांदवेळ नावाचं खाडीच्या तोंडावरचं गाव. वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि खाडीकाठच्या शंकराच्या देवळातली पूजाही त्यांच्याकडे होती. नागपूरचं स्थळ कुणा ओळखीच्याने सुचवलं. मुलगा सरकारी कचेरीत, घरात खाऊनपिऊन सुखी. विसाव्या वर्षी बनू आठवले बोटीने मुंबईला आणि मुंबईहून आगगाडीने नागपूरला आली आणि अरुंधती वझलवार झाली. पहिल्याच आठवड्यात ती सासूबाईंना म्हणाली, "मी पाणी घेऊन येत्ये," तर नणंदा पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. वर्षभरात येत्ये-जात्ये गेलं. दोन वर्षांत त्या "काय करून राहिली गं?" असं सहज म्हणू लागल्या. माणूस जिथे राहतो तिथलं बोलतो, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

पण माहेर मात्र फार लवकर तुटलं. लग्नानंतर सात-आठ वर्षांत आई-वडील दोघं गेले. एकच भाऊ, केशव, तो मुंबईत कापडाच्या गिरणीच्या ऑफिसात लागला आणि तिथेच दोन खोल्यांत राहिला. नांदवेळचं घर चुलत्यांकडे गेलं. भांडण नाही, तंटा नाही. पण बोलावणारं कुणी उरलं नाही, आणि बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नसतं हे बाईंच्या मनात पक्कं बसलेलं. एक वर्ष गेलं, दहा गेली, मग साठ गेली. यजमान गेले. घर नागपूरच्या जुन्या महाल भागातून शहराच्या टोकाला हुडकेश्वरला आलं, मुलगा श्रीधर बँकेतून निवृत्त झाला, त्याची मुलं परदेशी गेली, सूनही दोन-दोन महिने तिकडेच असायची. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी बाईंचे कान बरे होते, डोळे ठीक होते, गुडघे नव्हते. संध्याकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायच्या.

शेजारी महादेवराव ठवकर राहायचे. मूळचे उमरेडकडचे, शेती भावाकडे आणि स्वतः हिंगण्याच्या एका कारखान्यात. त्यांची मुलगी मिनल मुंबईत संशोधन करत होती. कशावर, हे गल्लीत कुणालाच धड माहीत नव्हतं. दिवाळीला घरी आली तेव्हा ती फराळाचं ताट घेऊन वझलवारांकडे आली आणि बाईंनी विचारलं, "एवढं काय शिकून राहिली गं तू तिथं?"

"सुनामी, आजी. समुद्राची मोठी लाट. कोकणात आली तर किती उंच येईल, अन् किती वर्षांनी येऊ शकते, ते काढायचं आहे."

श्रीधर पेपर वाचत होता. तो हसला. "उमरेडची पोरगी अन् समुद्राच्या लाटा!"

"हसा काका. मी पहिल्यांदा समुद्र पाह्यला तेव्हा बावीस वर्षांची होती." मिनल पायरीवर बसली. "पण काम लई अडून राहिलं. पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली मकरान म्हणून भाग आहे. पंचेचाळीस साली तिथं मोठा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईपर्यंत आली. आम्ही तोच भूकंप कॉम्प्युटरवर पुन्हा घडवतो अन् पाणी कुठवर चढतं ते पाहतो. पण कॉम्प्युटर खरं बोलून राहिला का खोटं, ते ठरवायले त्या दिवशी खरंच पाणी कुठवर आलं होतं हे माहीत पाहिजे नं! मुंबईचं थोडं लिहिलेलं सापडते. खाली कोकणातल्या लहान गावांचं काहीच नाही. पाहणारे लोक आता उरलेच नाहीत."

बाईंनी हातातली चकली ताटात ठेवली.

"त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली होती," त्या म्हणाल्या.

"कोणती पौर्णिमा, आजी?"

"त्रिपुरी. दीपमाळेवरचं तेल अजून पुसलं नव्हतं. मी होते तिथं. मी आणि दादा."

श्रीधरने पेपर खाली केला. "आई, कुठं होतीस तू?"

"तुला सांगितलं होतं मी. ती मद्रासकडची लाट टीव्हीवर दाखवत होते तेव्हा सांगितलं. तुम्ही सगळे टीव्ही पाहून राहिले होते."

ते खरं होतं. त्याआधी एकदा, लग्न नवीन असताना, त्यांनी यजमानांना सांगितलं होतं. ते प्रेमाने म्हणाले होते, स्वप्नात पाहिलं असशील. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नव्हता. मुंबईला भावाकडे गेल्या की मात्र दोघं बोलायची. केशव आजारी होऊन दवाखान्यात होता तेव्हा शेवटच्या भेटीत त्याने डोळे उघडून विचारलं होतं, "बने, तांब्या सापडला का गं?" आणि दोघं इतकी हसली होती की नर्स आत आली. तो गेल्याला वीस वर्षं झाली होती. ती सकाळ माहीत असलेलं माणूस जगात आता एकच होतं.

मिनल म्हणाली, "आजी, सगळं सांगा. हळूहळू सांगा. मी मधात नाही बोलत."

आणि बाईंनी सांगितलं.

ऊन नुकतं वर आलं होतं. वडिलांनी दादाला पूजेचा तांब्या घासून आणायला खाडीवर धाडलं आणि बनू त्याच्या मागे गेली. देवळाच्या ओट्यापासून खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. दादा खाली उतरला आणि उतरतच गेला, कारण पाणीच नव्हतं. खाडी रिकामी झाली होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या आणि मासे तडफडत होते. दादाला गंमत वाटली. तो चिखलात दोन-चार पावलं गेला, "बने, बघ, बघ" म्हणाला. मग समुद्राकडून आवाज आला. लाटेचा नव्हे. रस्त्यावरून खूप गाड्या एकदम चालल्या तर येईल तसा. पाणी उभं राहून आलं नाही, ते फुगत आलं, दूध उतू जातं तसं. दादा मागे पळाला, पायऱ्या चढला, पाणी त्याच्या मागे चढलं. तांब्या गेला. पाणी आलं, गेलं, परत आलं, तीनदा तरी आलं. देवळामागच्या विहिरीत खारं पाणी शिरलं आणि होळीपर्यंत सगळ्यांना वरच्या वाडीतून पाणी आणावं लागलं. वडील ओट्यावर उभे राहून एकच म्हणत होते, "भांगाचे दिवस, आणि उधाण कुठून आलं?"

"भांग म्हणजे?" मिनलने विचारलं. न बोलण्याचं वचन ती विसरली होती.

"अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला जोर असतो, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी मंद असतं, फार चढत नाही, फार उतरत नाही. तो भांग."

मिनल उठून घरी गेली आणि अर्ध्या तासाने पळत आली. "आजी, पंचेचाळीसची त्रिपुरी पौर्णिमा काढली मी. लाट आली त्या दिवशी वद्य नवमी होती का दशमी, तेवढाच प्रश्न आहे. तुमचे बाबा बरोबर बोलले. भांगच होता." तिचा चेहरा फुलला होता. "पाणी कुठवर आलं होतं? सांगता येईल?"

"ओटा बुडाला होता," बाई म्हणाल्या. "दादाच्या गळ्यापर्यंत पाणी होतं."

मिनलने ते तसंच लिहून घेतलं.

त्या रात्री जेवताना बाई म्हणाल्या, "श्रीधर, मला एकदा नांदवेळला ने."

श्रीधर वाईट माणूस नव्हता. आईची औषधं तो वेळेवर द्यायचा, तिच्या खुर्चीखाली पाट ठेवायचा. पण तो घाबरला. "आई, हजार किलोमीटरच्या वर आहे ते. तुझं बीपी, तुझे गुडघे. आणि तिथं कोण आहे आता आपलं?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या आणि ताकभात संपवला.

जानेवारीत मिनल कोकणात मोजणीला गेली आणि नांदवेळहून तिने व्हिडिओ कॉल केला. श्रीधरने फोन आईसमोर डब्याला टेकवून धरला.

"आजी, दिसून राहिलं का? हे खाडीचं तोंड."

बाई पाहत राहिल्या. सुरूची झाडं होती, तेव्हा नव्हती. किनाऱ्याला काँक्रीटचा बांध होता. एका पाटीवर पर्यटकांसाठी खोल्या मिळतील असं लिहिलं होतं. "हे नांदवेळ नव्हे," त्या म्हणाल्या.

"हाच गाव आहे, आजी. थांबा, देऊळ दाखवते."

देऊळ निळं-गुलाबी रंगवलेलं होतं, पुढे पत्र्याची शेड. दीपमाळ मात्र तीच. ती दिसताच बाईंचा हात आपोआप पुढे आला आणि काचेला लागला, चित्र हललं. "मागे जा. मागे विहीर असेल. नागचाफ्याखाली."

नागचाफा नव्हता. विहीर होती, पंप बसवलेली, कठडा उंच केलेला. मिनल तिच्याभोवती फिरत होती तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई हात पुसत बाहेर आली. चाळिशीची असेल.

"काय बघताय? कोण हवंय तुम्हाला?"

मिनलने सांगितलं, नागपूरच्या एक आजी फोनवर आहेत, पूर्वी इथल्याच, आठवल्यांच्या.

"आठवल्यांच्या? अहो, आठवले आम्हीच." तिने फोन जवळजवळ ओढूनच घेतला. पडद्यावर तिचा चेहरा आला, कपाळावर घाम, डोळे मोठे. "बनूआत्या का तुम्ही? आमचे सासरे सांगायचे, नागपूरला दिलेली एक बहीण आहे आमची म्हणून. मी गोपिका. त्यांची सून."

बाई फोनजवळ सरकल्या. "हो. मी बनू. मी बोलत्ये."

श्रीधरने आईकडे पाहिलं. हे बोलणं त्याने तिच्या तोंडून पासष्ट वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मग फोनवरून काय बघता, आत्या? या की तुम्ही!" गोपिका म्हणाली. "मी बोलावत्ये तुम्हाला. आंबे नाहीत अजून, पण पुढची खोली रिकामी आहे. खाली बसायचं-उठायचं काही नको, खाट आहे."

फोन बंद झाल्यावर श्रीधर आत गेला. पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "फेब्रुवारीत थंडी कमी होईल. चिपळूणपर्यंत गाडी आहे, पुढे टॅक्सी करू. डॉक्टरांना विचारतो."

डॉक्टर म्हणाले, न्यायचंच असेल तर आत्ताच न्या.

प्रवासात बाई फारशा झोपल्या नाहीत. पनवेल सोडल्यावर बोगदे सुरू झाले तेव्हा त्यांनी खिडकीशी बसायचा हट्ट धरला. नांदवेळला पोहोचल्या तेव्हा दुपार झाली होती. गोपिकाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ज्या घरात त्या जन्मल्या त्याच्या जागी सिमेंटचं दुमजली घर उभं होतं, ओळखीचं काहीच नव्हतं. समुद्र बांधाच्या पलीकडे, घरातून दिसत नव्हता. श्रीधरने विचारलं, "लगेच जायचं का समुद्रावर?" तर त्या नको म्हणाल्या. पडवीत खाटेवर पडून राहिल्या. रात्री केव्हातरी वारा फिरला. शेजारच्या खाटेवर श्रीधर जागा होता. त्याने ऐकलं, आई एक लांब श्वास सोडून कुशीवर वळली आणि घोरू लागली.

सकाळी मिनल तिचं सामान घेऊन देवळात आली. तीन पायांवर बसवलेली दुर्बीण आणि उंचीचे आकडे लिहिलेली लाल-पांढरी लांब पट्टी. पट्टी धरायचं काम श्रीधरकडे आलं. बाईंना ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"आजी," मिनल म्हणाली, "मले तुमी आधी सांगितलेलं सगळं विसरून जा. आज इथं बसून जे आठवते तेच सांगा. नाही आठवलं तर नाही म्हणा. त्यानंबी माझं काम होते."

पायऱ्यांचा खालचा भाग गाळात गेला होता. वरच्या आठ-नऊ उघड्या होत्या. बाई त्यांच्याकडे पाहत बसल्या.

"दादा तिथून वर आला. तो खांब आहे ना, त्याला त्याने मिठी मारली. मी इथेच होते, या ओट्यावर. मी खाली उतरलेच नव्हते." त्या थांबल्या. "पाणी इथवर आलं."

"ओट्यावर?"

"हो. म्हणजे..." त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मिनलने श्रीधरला खुणेने गप्प राहायला सांगितलं.

"आई दादाला ओरडली," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचं धोतर छातीपर्यंत भिजलं होतं, चिखलाने भरलं होतं, आणि तांब्या गेला होता. आई त्याला खूप ओरडली. मला नाही ओरडली." पुन्हा थांबल्या. "मला काहून नाही ओरडली? माझा परकर कोरडा होता. नवा परकर होता, दिवाळीचा, हिरवा. त्याला काठ होता. आईने काठ हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, हिचा बरा राहिला. कोरडा होता तो."



"मग ओट्यावर पाणी आलंच नाही," बाई म्हणाल्या. "मी इथे उभी होते आणि माझा परकर कोरडा होता. दादा खाली होता. त्या... खालून तिसऱ्या पायरीवर. तिथे उभा होता आणि छातीपर्यंत पाणी होतं. नंतर तो वर चढला."

"केशवआजोबा तेव्हा किती उंच असतील?"

"चौदाचा होता. श्रीधरच्या खांद्याला लागला असता."

श्रीधर पट्टी घेऊन तिसऱ्या पायरीवर उतरला. बाईंनी त्याला हात वर-खाली करायला लावले. "अजून खाली. जरा वर. हो. तिथे." मिनलने दुर्बिणीतून आकडा घेतला, मग ओट्याच्या कडेचा घेतला, मग विहिरीकडे गेली. तिथे कठड्याच्या नव्या सिमेंटखाली जुन्या दगडाची कड सापडली. तोही आकडा घेतला. पाणी विहिरीत शिरलं म्हणजे निदान त्या दगडाएवढं तरी चढलंच असणार, आणि ओट्यावर आलं नाही म्हणजे त्याहून कमी. दोन्हींच्या मधे दादाची छाती बरोबर बसत होती. तिने त्या वेळच्या भरतीचा हिशोब लावला, आणि ओट्यावर येऊन बसली.

"आजी, नेहमीच्या पाण्यावर दीड मीटरच्या जवळपास. थोडं इकडे-तिकडे."

"दीड मीटर म्हणजे?"

मिनल उभी राहिली आणि आपल्या हनुवटीशी हात धरला. "इतकं."

बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. "तेवढंच?"

"तेवढंच, आजी. मले कॉम्प्युटरवरबी जवळपास तेवढंच येऊन राहिलं होतं. तुमी नागपुरात ओटा बुडाला म्हटलं तेव्हा मी घाबरली होती, म्हटलं आपलं सगळं गणितच चुकलं. पण मी तुमाले माझा आकडा नाही सांगितला. सांगितला असता तर तुमी त्यालेच हो म्हटलं असतं."

"ऐंशी वर्षं," बाई म्हणाल्या. "ऐंशी वर्षं मी ते पाणी देवळाएवढं पाहत आले. दादासुद्धा गळ्यापर्यंतच म्हणायचा."

"तुमी लहान होत्या, आजी."

"तो नव्हता इतका लहान." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. त्या दिवसातलं जे सगळ्यात मोठं होतं तेच मोजलं गेलं आणि लहान निघालं. भाऊ असता तर त्याने वाद घातला असता. आता वाद घालायलाही कुणी नव्हतं. श्रीधर पट्टी टेकवून आला आणि आईच्या खुर्चीपाशी ओट्यावर बसला. त्याने विचारलं, "दादामामा कोणत्या खांबाला धरून होता?" त्यांनी दाखवला. तो उठला, खांबाजवळ गेला आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला.

दोन दिवसांनी त्याच देवळाच्या शेडमध्ये गावाची सभा होती. खाडीलगतच्या सपाट जागेवर नवी शाळा बांधायचं घाटत होतं आणि तालुक्याचे अधिकारी जागा पाहायला आले होते. मिनलनेही परवानगी मागून आपलं मांडायचं ठरवलं होतं. तिने प्रमाण मराठी बोलायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याच वाक्याला सोडून दिला. गावकऱ्यांना तिचं बोलणं गमतीचं वाटलं, पण ते ऐकत होते. शाळा खाडीकाठी नको, वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळाच्या सपाटीवर बांधा, असं तिचं म्हणणं होतं.

एकाने विचारलं, "ही लाट परत कधी येणार, ते सांगा ना."

"ते मले सांगता येत नाही," मिनल म्हणाली. "दोन लाटांमधलं अंतर काढायले निदान दोन लाटा तर माहीत पाहिजे. आपल्याजवळ पक्की माहिती एकाच लाटेची आहे. जुन्या गाळात वाळूचे थर सापडतात, त्यावरून कोणी दोनशे-तीनशे वर्षं म्हणते, कोणी हजार. कदाचित तुमच्या नातवंडांनाही दिसणार नाही. कदाचित पुढच्या वर्षी येईल."

"मग तेवढ्यासाठी शाळा सड्यावर न्यायची? लहान पोरं चढ चढून जाणार?"

तेव्हा बाईंनी बोलायला हात वर केला. गोपिकाने माईक त्यांच्यासमोर धरला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मी इथलीच. आठवले मास्तरांची बनू," त्या म्हणाल्या. "पाणी या ओट्यावर आलं नव्हतं. मी आधी आलं म्हणाले होते, ते चुकीचं होतं. ते दादाच्या छातीपर्यंत आलं आणि तो चौदाचा होता. पण तेव्हा भांग होता. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तेच पाणी उधाणाच्या भरतीवर आलं असतं तर?"

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने, धोंडबाने, ओट्याकडे बोट केलं आणि हात कमरेएवढा वर नेला. "आवसेच्या भरतीवर आलं तर एवढं," तो म्हणाला. "हितं, ओट्यावर."

"मीबी तेवढंच काढलं," मिनल म्हणाली. "अन् मकरानला त्याहून मोठा भूकंप झाला तर आणखी वर. म्हणून शाळा कुठवर नको, ती रेघ त्याच्याही वर मारायची."

लगेच काही ठरलं नाही. अधिकाऱ्यांनी दुसरी जागा बघू म्हणून सांगितलं, काही लोक कुरकुरत घरी गेले. पुढे महिन्याभराने गोपिकाने कळवलं की शाळेची जागा वरच्या वाडीच्या वाटेवर अर्ध्या चढावर धरली आहे आणि खाडीकाठी खेळाचं मैदान करणार आहेत. मंजुरी यायची होती.

निघायच्या दिवशी पहाटे बाईंनी श्रीधरला समुद्रावर न्यायला सांगितलं. बांधावरून पलीकडे उतरायला गुडघे तयार नव्हते. दोघं बांधावरच बसली. ओहोटी होती, पाणी लांब होतं. त्या म्हणाल्या, "इथून पाण्याला हात लागत नाही." श्रीधर चपला काढून खाली गेला, ओंजळीत पाणी घेऊन आला. वर पोहोचेपर्यंत बहुतेक गळून गेलं होतं. बाईंनी त्याच्या ओल्या हातांवर स्वतःचे हात फिरवले.

घरी परतल्यावर गोपिकाने नारळ आणि तांदूळ आणले आणि दारात घुटमळली. बाईंना कळलं. त्यांच्या कपाळाला कुंकू नव्हतं. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. गोपिका म्हणाली, "आत्या, माहेरवाशिणीला रिकामी कशी धाडू?" आणि तिने त्यांच्या पदरात ओटी भरली.

हुडकेश्वरला आल्यावर गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. कसं होतं माहेर, झालं का मन शांत, असं विचारू लागल्या. बाईंनी कोकम आणि पोह्याचे पापड सगळ्यांना वाटले. मिनलची आई म्हणाली, "आता बरं वाटलं असन नं, आजी?"

"नाही वं," बाई म्हणाल्या. "आधी ते नाही म्हणून आठवायचं. आता आहे म्हणून आठवते."

मिनल मुंबईहून अधूनमधून फोन करते. तिच्या कामात नांदवेळचा आकडा आता लागला आहे, आणखी दोन गावांतले म्हातारे तिला शोधायचे आहेत. एकदा तिने विचारलं, "आजी, तुमचं नाव काय लिहू? अरुंधती वझलवार?"

"बनू आठवले लिही," बाई म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "दोन्ही लिही. श्रीधरला वाईट वाटेल."

मार्चअखेरीस गोपिकाचा फोन आला. मोहोर चांगला टिकला आहे, मे महिन्यात आंबे होतील, आत्या येणार ना? बाईंनी येत्ये म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरांना विचारलं तर ते नुसते हसले. कोकणात जाणारी थेट गाडी मे महिनाभर भरलेली होती. श्रीधरने वेटिंगची दोन तिकिटं काढून ठेवली.